भगव्या वस्त्रातील लोकसंघटक : स्वामी रामानंद तीर्थ

(बीड जिल्ह्यातील मांजरसुंबा येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मांजरसुंबा हे गाव लोकसंख्येने मोठे नाही. परंतु मराठवाड्याच्या नकाशावर त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. धुळ्याहून येणारा महामार्ग बीड ओलांडून येथे पोहोचतो आणि चौसाळ्यावरून धाराशिव, तुळजापूर व सोलापूरकडे जातो. याच फाट्यावरून दुसरा रस्ता नेकनूर व केजमार्गे अंबाजोगाईला जातो. जवळच कपिलधारच्या रम्य परिसरात संतकवी मन्मथस्वामींची समाधी असून तेथील यात्रेला दूरदूरच्या दिंड्या येतात. माणसे श्रद्धेने एकत्र येतात हे येथील रहिवाशांना कोणी सांगावयास नको. प्रश्न असतो तो पुढचा. श्रद्धेने एकत्र आलेली माणसे न्यायासाठी एकत्र राहू शकतात काय? आणि तशी ती राहिली, तर आपल्याहून वेगळ्या श्रद्धेच्या शेजाऱ्याला त्यांचे भय वाटणार नाही, याची हमी कोणी द्यावयाची?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या जीवनाने दिले, ते स्वामी रामानंद तीर्थ. त्यांच्या आयुष्याचे दोन महत्त्वाचे टप्पे या फाट्यावरून निघणाऱ्या दोन दिशांना आहेत. सोलापूरच्या दिशेला त्यांची विद्यार्थिदशा आणि हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा. अंबाजोगाईच्या दिशेला त्यांचे मुख्याध्यापकपद आणि तेथून सुरू झालेले सार्वजनिक जीवन. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून त्यांचे नाव प्रत्येक शाळेत घेतले जाते. परंतु त्यांनी माणसे कशी जोडली, याचा विचार तितकासा होत नाही. शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना खरा उपयोग आहे तो या दुसऱ्या गोष्टीचा.

व्रत आणि कामगार चळवळ

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा. त्यांचे मूळ कानडी मुलखातले. शालेय शिक्षण मात्र सोलापूरला झाले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले, त्या वेळी ते सतरा वर्षांचेही नव्हते. आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचे व्रत त्यांनी त्या प्रसंगी घेतले. असहकारितेच्या हाकेबरोबर सरकारी शाळा सोडली. पुढे अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुण्याच्या टिळक महाविद्यालयात त्यांचे शिक्षण पूर्ण झाले.

तरुणपणी घेतलेली व्रते पुष्कळदा संसाराच्या पहिल्या अडचणीत विरून जातात. खेडगीकरांनी आपल्या व्रताला लगेच कामाची जोड दिली. कामगारांचे नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काम पत्करले. जोशी हे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या आरंभकाळातील प्रमुख सूत्रधार आणि मध्यवर्ती कायदेमंडळातील कामगारांचे प्रतिनिधी. त्यांच्यासमवेत मुंबईत व दिल्लीत काम करताना सभासदांची नोंद, वर्गणीचा हिशेब, तक्रारीची शहानिशा, मागणीचा मसुदा आणि वाटाघाटी अशी संघटनेची सर्व अंगे या तरुणाला जवळून पाहावयास मिळाली. भाषणाने सभा जिंकता येते, संघटना मात्र नोंदवहीवर उभी राहते, हा धडा त्या शाळेतला. पुढे ज्याला लोक संन्यासी म्हणून वंदन करू लागले, त्याची पहिली दीक्षा अशी कामगारांच्या चळवळीतली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

संन्यास आणि शाळा

प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना शहरातील ती धावपळ सोडावी लागली. १९२९ साली ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील हे आडवळणाचे गाव. येथेच १४ जानेवारी १९३२ रोजी, मकरसंक्रांतीच्या सुमारास, स्वामी नारायण तीर्थ यांच्याकडून त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि ते रामानंद तीर्थ झाले. स्वामी रामतीर्थांच्या विचारांचा त्यांच्या मनावर खोल ठसा होता.

संन्यास म्हणजे जगाकडे पाठ, असा सर्वसाधारण समज आहे. स्वामीजींनी दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशीही शाळा चालूच राहिली. त्यांनी त्यागले ते आपले घर, आपली मिळकत आणि आपल्यासाठी काही मागण्याचा अधिकार. माणसांचा त्याग त्यांनी केला नाही. आपल्या संतपरंपरेला हे अपरिचित नाही. अध्यात्माने अंतःकरण विशाल होत असेल, तर ती विशालता शेजाऱ्याच्या दुःखाजवळ येऊन पारखली गेली पाहिजे, ही या मातीची जुनी कसोटी आहे.

१९३५ च्या सुमारास स्वामीजी अंबाजोगाईला आले. निजामी अमलात या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. येथील योगेश्वरी संस्थेच्या शाळेची धुरा त्यांच्याकडे आली. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे ध्येयवादी सहकारी त्यांच्याभोवती जमले. वर्गातील अध्यापन, मैदानावरील व्यायाम, सायंकाळची प्रार्थना आणि खादी या चार गोष्टींनी तेथील विद्यार्थ्यांचे मन घडत गेले. पुढे १९३८ नंतरच्या लढ्यात जे तरुण मराठवाड्याच्या गावोगावी दिसतात, त्यांतील कित्येकांनी आपले पहिले पाठ या शाळेत गिरविले होते. शाळेतील एक पिढी घडावयास वर्षे लागतात. परंतु तशी घडलेली पिढी एका अटकेने विखुरत नाही.

परवानगीच्या राज्यातील संघटन

हैदराबाद संस्थानाची तत्कालीन स्थिती समजून घेतल्याशिवाय या कामाचे मोल कळणार नाही. संस्थानात सोळा जिल्हे होते. आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे आणि तीन कर्नाटकाचे. १९४१ च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या सुमारे एक कोटी त्रेसष्ट लाख. प्रजा तेलुगू, मराठी, कानडी व उर्दू बोलणारी. कारभार मात्र उर्दूतून चाले. भूमीचा फार मोठा भाग निजामाच्या खासगीकडे, म्हणजे सर्फेखासकडे, आणि जहागीरदारांकडे होता. तेथे रयतेची दाद वेगळ्याच दरबारी लागे. सार्वजनिक सभेला पूर्वपरवानगी लागे. ती मागताना वक्ते कोण, विषय काय, याचा खुलासा करावा लागे. 'गश्ती निशाण त्रेपन्न' हे शब्द जुन्या पिढीतील मंडळी याच संदर्भात उच्चारीत. खासगी शाळा काढावयाची तरी सरकारची अनुज्ञा हवी.

अशा परिस्थितीत संघटन कोठे व कसे करावे? वाचनालय, शाळा, उत्सव, साहित्यिक मेळावा, खादी केंद्र, ही त्या काळची लोकशिक्षणाची ठाणी झाली. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्या वर्षी लातूरला दुसरे. परिषदेच्या मागण्या साध्या होत्या. नागरिक स्वातंत्र्य, मातृभाषेतून शिक्षण, रयतेच्या गाऱ्हाण्यांची दाद. स्वामीजींनी परिषदेच्या सरचिटणीसपदाची जबाबदारी घेतली आणि १९३८ मध्ये शाळा सोडून ते पूर्णवेळ सार्वजनिक कामात उतरले. ज्या शाळेवर जीव जडविला ती सोडताना त्यांनी ती कोणावर उपकार म्हणून सोडली नाही. त्यांच्यामागे ती चालविणारी माणसे उभी होती. संघटकाच्या कामाचे खरे मोजमाप तो निघून गेल्यावर होते.

भगवे वस्त्र आणि धर्मनिरपेक्ष लढा

१९३८ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी घालण्यात आली. २४ ऑक्टोबर रोजी सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींनी त्या महिनाअखेरीच्या सुमारास सत्याग्रह केला आणि त्यांना कारावासाची शिक्षा झाली.

येथून त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड कसोटी सुरू होते. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांनीही संस्थानात आपापले सत्याग्रह चालविले होते. त्यांच्या मागण्या मुख्यतः धार्मिक स्वातंत्र्याच्या होत्या. स्टेट काँग्रेसची मागणी राजकीय होती. राज्यकारभार प्रजेला जबाबदार असावा, मग ती प्रजा कोणत्याही धर्माची असो. परंतु सरकारला या दोहोंची सरमिसळ सोयीची होती. राजा मुसलमान, प्रजेतील बहुसंख्य हिंदू, तेव्हा हा सारा झगडा धर्माचाच आहे, असे भासविले की जबाबदार राज्यपद्धतीचा प्रश्न आपोआप बाजूला पडे. त्यातच लढ्याच्या आघाडीवर भगवी वस्त्रे धारण केलेला संन्यासी. विरोधकांना याहून अधिक काय हवे होते?

महात्मा गांधींच्या सल्ल्यानुसार २४ डिसेंबर १९३८ रोजी स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला. ऐन भरात आलेला लढा थांबविणे तुरुंगातल्या कार्यकर्त्यांना पचविणे सोपे नव्हते. तरीही त्यामागील तत्त्व पक्के होते. राजकीय हक्कांच्या लढ्याला जातीय वळण लागत असेल, तर क्षणिक यशापेक्षा लढ्याचे शुद्ध स्वरूप मोलाचे. सुटकेनंतर स्वामीजींनी गांधीजींचे मार्गदर्शन घेतले. आपल्या संघटनेने नाव बदलावे, 'काँग्रेस' हा शब्द गाळावा, अशी सरकारची अपेक्षा होती. ती मान्य झाली नाही. १९४० च्या सप्टेंबरात काही मोजक्या सहकाऱ्यांसह त्यांनी वैयक्तिक सत्याग्रह केला आणि पुन्हा तुरुंग गाठला. १९४२ मध्येही तेच घडले. बंदी उठण्यास १९४६ चा जुलै उजाडावा लागला. ज्या संघटनेला आठ वर्षे कायदेशीर अस्तित्व नव्हते, ती बंदी उठताच उभी राहिली आणि स्वामीजी तिचे अध्यक्ष झाले.

भगवे वस्त्र त्यांनी कधी उतरविले नाही आणि त्याचा उपयोग मते अथवा माणसे विभागण्यासाठी कधी केला नाही. आपली श्रद्धा त्यांनी आपल्या आचरणाला लावली. लोकांच्या हक्कांना मात्र तिची अट घातली नाही. धार्मिक प्रेरणेने समाजकार्य करणाऱ्या प्रत्येकासाठी ही मर्यादारेषा आजही तेवढीच स्पष्ट आहे.

मुक्ती आणि तिची किंमत

१९४७ च्या जूनमध्ये स्टेट काँग्रेसचे खुले अधिवेशन हैदराबादेत भरले. संस्थान भारतीय संघराज्यात विलीन व्हावे, ही मागणी तेथून निःसंदिग्धपणे पुढे आली. ७ ऑगस्टला सामीलीकरण दिन पाळला गेला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी स्वामीजींना अटक झाली. जैसे थे करारानंतर त्यांची सुटका झाली. परंतु १९४८ च्या आरंभी ते पुन्हा बंदिवान झाले. बाहेर रझाकारांचा उच्छाद सुरू होता. सीमेवरील शिबिरांतून आणि खेड्यापाड्यांतून कार्यकर्ते झुंजत होते. रझाकारांवर आपल्या 'इमरोज' पत्रातून टीका करणारे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. लढा एका धर्माचा नव्हता, याची साक्ष या हुतात्म्याने आपल्या रक्ताने दिली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली.

मुक्तीचा आनंद सांगताना त्यानंतरचे दुःख लपविणे योग्य नाही. रझाकारांच्या अत्याचारात असंख्य निरपराध माणसे होरपळली होती. कारवाईनंतरच्या काळात काही जिल्ह्यांत सूडाच्या वणव्यात निरपराध मुसलमानही बळी पडले. त्याची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सद्भावना मंडळ पाठविण्यात आले होते. दहा वर्षांपूर्वी सत्याग्रह स्थगित करताना जो धोका ओळखला गेला होता, तो किती खरा होता, हे या घटनांनी दाखविले. द्वेषाला वेळीच आवर घातला नाही, तर न्याय्य लढ्याच्या विजयालाही डाग लागतो. गावात शांतता समितीवर काम करणाऱ्यांनी हा इतिहास दोन्ही बाजूंनी वाचावा.

सत्ता जवळ असताना

विलीनीकरणानंतर मंत्रिपदे वाटली जात होती. स्वामीजींनी स्वतःसाठी कोणतेही मंत्रिपद घेतले नाही. त्यांची मागणी वेगळी होती. निजामी राजवट गेली, पण कसणाऱ्याच्या डोक्यावरील ओझे गेले काय? १९४९ मध्ये सर्फेखास शासनाकडे आले, जहागिरी नाहीशा झाल्या. १९५० च्या हैदराबाद कूळ व शेतजमीन कायद्याने संरक्षित कुळांना हक्क मिळाले. कायद्याच्या दृष्टीने ही मोठी झेप होती. परंतु हक्क कागदावर मिळणे आणि शेताच्या बांधावर मिळणे यांत अंतर असते. हे अंतर शीघ्र कापले पाहिजे, असा स्वामीजींचा आग्रह होता आणि त्यावरून पक्षांतर्गत मतभेद वाढत गेले.

या काळात त्यांना स्वकीयांचा विरहही सोसावा लागला. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे निकटचे सहकारी काँग्रेसबाहेर पडले. अंबाजोगाईपासूनचे सोबती बाबासाहेब परांजपे १९५२ च्या निवडणुकीत काँग्रेसविरोधी आघाडीकडून बीडमधून लोकसभेवर गेले. स्वामीजी काँग्रेसतर्फे गुलबर्ग्याहून निवडून आले. ज्यांना शिकविले, ज्यांच्यासह तुरुंग भोगला, त्यांनी वेगळा मार्ग धरावा, हे दुःख थोडे नाही. परंतु स्वतंत्र विचार करणारी माणसे घडविणाऱ्याला त्यांचा मतभेदही स्वीकारावा लागतो. पाठीराखे आणि सहकारी यांत हाच फरक आहे.

हैदराबाद राज्याचे भाषेनुसार विभाजन व्हावे, या मताचे ते खंबीर पुरस्कर्ते होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य संपुष्टात आले आणि मराठवाडा मराठी मुलखाशी जोडला गेला. म्हणजे ज्या प्रदेशाचे ते सर्वमान्य नेते होते, तो प्रदेशच राजकीय नकाशावरून नाहीसा व्हावा, यासाठी ते झटले. १९५७ मध्ये ते औरंगाबादहून लोकसभेवर गेले आणि पुढे निवडणुकीच्या राजकारणातून निवृत्त झाले. नांदेडचे पीपल्स कॉलेज, खादीचे काम, शिक्षणसंस्थांची उभारणी, यांत त्यांचे लक्ष कायम राहिले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांनी देह ठेवला. नांदेडच्या विद्यापीठाला आणि अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे.

आपल्यापुढील काम

बंधुभगिनींनो, थोरांची नावे संस्थांना दिली म्हणजे आपले कर्तव्य संपत नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांच्या गाड्या या परिसरातून जातात. भांडीकुंडी, अंथरुणे, शेळ्या आणि त्यांच्यामध्ये बसलेली शाळकरी मुले. सहा-सहा महिने ती गावाबाहेर राहतात. ना. म. जोशींच्या हाताखाली संघटनेचे पाठ घेतलेला, हिप्परगा व अंबाजोगाईच्या शाळांतून मुले घडविणारा संन्यासी आज या फाट्यावर उभा असता, तर त्याची नजर प्रथम कोठे गेली असती, हे वेगळे सांगावयास नको.

हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिचा लाभ मुलाला मिळावयाचा, तर मुक्काम हलण्यापूर्वी शिक्षकाने त्या घरी गेले पाहिजे. आई-बापांच्या मनातील धास्ती ऐकून घेतली पाहिजे. मुलगी असेल, तर ती कोणाच्या देखरेखीखाली राहील, हे त्यांना पटवून दिले पाहिजे. ग्रामपंचायतीने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची यादी ठेवली पाहिजे. मुकादमाकडून घेतलेली उचल, तिचा हिशेब, कामावर झालेला अपघात, या गोष्टी ग्रामसभेच्या नोंदीत आल्या, तर दाद मागण्यास आधार मिळतो. ही कामे लहान वाटतात. लोकसंघटन मात्र याच कामांचे बनलेले असते.

आणि गावातील श्रद्धेची शक्तीही येथे वापरता येईल. सप्ताहाची वर्गणी गोळा करणारी, यात्रेतील अन्नदानाची पंगत चोख उठविणारी, उरुसाच्या गर्दीला पाणी पुरविणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. हिशेब, शिस्त आणि सेवा त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. त्या माणसांनी वर्षातून एक बैठक गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी आणि वृद्धांसाठी घ्यावी. त्या बैठकीत देवळाचे पंच बसावेत, मशिदीचे बसावेत, बुद्धविहाराचे बसावेत. कोणी आपली श्रद्धा दाराबाहेर ठेवून यावे असे नाही. तिने दुसऱ्याला दार बंद होऊ नये, एवढेच.

स्वामीजींजवळ धन नव्हते, दीर्घकाळ कायद्याचे पाठबळ नव्हते, आणि सत्ता हाताशी आली तेव्हा त्यांनी ती स्वतःसाठी घेतली नाही. त्यांच्याजवळ एक शाळा होती आणि दुसऱ्याच्या दारी जाण्याची सवय होती. येथे बसलेल्या प्रत्येकाजवळ शाळा, पंचायत वा कचेरी आहे. दुसऱ्याच्या दारी जाण्याची सवय तेवढी लावून घ्यावयाची आहे. या वर्षीचा ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तिला आरंभ व्हावा, ही विनंती.